निक्षय मित्र होताना : चिकलठाण्यातल्या आमच्या गटाचे एक वर्ष

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चौदा वर्षांपासून गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. आमच्या मागच्या भिंतीला लागून नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे वस्ती आहे. जालना, बीड, परभणीकडून पोटासाठी आलेली माणसे तिथे राहतात आणि आमच्या पॅकिंग विभागात कंत्राटावर येणारे बरेच जण त्या वस्तीतलेच आहेत. फेब्रुवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या वर्षात आम्ही एकसष्ट कायम कर्मचाऱ्यांनी मिळून 'निक्षय मित्र' या सरकारी योजनेतून त्या वस्तीतल्या चोवीस क्षयरुग्णांच्या पोषणाची आणि पाठपुराव्याची जबाबदारी घेतली. सुरुवातीला आधी कोणत्या टेबलासमोर उभे राहायचे हेही आम्हाला कळत नव्हते. दुसऱ्या एखाद्या कारखान्यातल्या गटाला असे काम करावेसे वाटले तर त्यांचे काही महिने वाचावेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात पॅकिंगमधल्या तेवीस वर्षांच्या एका मुलापासून झाली. तो महिनाभर खोकत होता, संध्याकाळी अंगात कणकण असायची आणि मेडिकलमधून खोकल्याचे औषध त्याने तीन वेळा आणले होते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन ये, असे मी त्याला दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणाला, "ताई, दवाखाना उघडतो तेव्हा मी लाइनवर असतो, अन् मी सुटतो तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो." मी त्याच्यासोबत हिशेब मांडून पाहिला. थुंकीचे दोन नमुने द्यावे लागतात, त्यांतला एक सकाळी उठल्याबरोबरचा असतो. म्हणजे बहुधा दोन चकरा. एक्स-रेसाठी तिसरी आणि अहवाल घेऊन उपचार सुरू करण्यासाठी चौथी. एका खाड्याला त्याचे साडेचारशे रुपये जात होते आणि लागोपाठ खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस उभा करत होता. सरकारी यंत्रणेत क्षयरोगाची तपासणी आणि औषधे दोन्ही फुकट आहेत हे त्याला ठाऊक होते. त्याच्याकडे नव्हते ते हे चार दिवस. खोकल्यातून रक्त पडल्यावर तो गेला, तोपर्यंत त्याच्या घरातल्या दहा वर्षांच्या बहिणीलाही खोकला लागला होता.

मला खोकला झाला असता तर मी आजारपणाची रजा टाकली असती आणि पर्समधले आरोग्य विम्याचे कार्ड दाखवून दुसऱ्या दिवशी तपासून घेतले असते. आम्ही दोघे एकाच छताखाली, एकाच पंख्याच्या वाऱ्यात काम करत होतो. ही गोष्ट मला आणि स्टोअरमधल्या काकांना फार लागली आणि तिथून पुढचे सगळे सुरू झाले.

पहिले काम त्या मुलाच्या पगाराचे होते. दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतो आणि आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. क्षयरोग हा या योजनेतल्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे ऐंशी टक्के दराने वाढीव आजारपण भत्ताही मिळू शकतो, मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी दिसावी लागते. या मुलाने तीन वर्षे काम केले होते, पण प्रत्येक नव्या ठेकेदाराने त्याच्या नावाचा नवा विमा क्रमांक काढला होता, म्हणून कागदावर तो दर वेळी नवखाच दिसत होता. खरे तर विमा क्रमांक एकच असतो आणि नोकरी बदलली तरी तोच पुढे चालतो. तिन्ही क्रमांक जोडून घेण्यासाठी अर्ज, तिन्ही ठेकेदारांची पत्रे, आधारची प्रत, जुन्या पगारपावत्या असे गोळा करत साडेतीन महिने गेले आणि जूनमध्ये त्याचा वाढीव भत्ता मंजूर झाला. तुमच्याकडे कंत्राटी कामगार असतील तर कोणी आजारी पडण्याची वाट न पाहता आजच त्यांच्या पगारपावत्यांवरचा विमा क्रमांक पाहा. ठेकेदार बदलल्यावर तो बदलला असेल तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्या, कारण खोकणाऱ्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या चढवणे फार जड जाते.

वस्तीतल्या इतर क्षयरुग्णांनाही मदत करायची म्हणून मार्चमध्ये आम्ही अकरा जणांनी व्यवस्थापनाला पत्र दिले. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, एवढे आम्हाला माहीत होते आणि तो निधी सहज मिळेल अशी आमची समजूत होती. त्या वर्षाचा आराखडा संचालक मंडळाने आधीच मंजूर केला होता, त्यामुळे त्यात नवे काही घालता येणार नव्हते. शिवाय केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम या खर्चात धरता येत नाही, हेही आम्हाला तेव्हा समजले. मनुष्यबळ विभागाने मात्र दोन गोष्टी मान्य केल्या : महिन्यातून चार तास कामाच्या वेळेत या कामासाठी बाहेर जाण्याची परवानगी आणि कंत्राटी कामगाराने तपासणीची चिठ्ठी दाखवली तर त्याचा खाडा न धरण्याची ठेकेदाराला लेखी सूचना. पैसे मिळाले नाहीत याचे त्या दिवशी वाईट वाटले होते, परंतु वर्षाच्या शेवटी मागे वळून पाहताना ही दुसरी सूचना कोणत्याही निधीपेक्षा मोलाची ठरली असे माझे ठाम मत झाले आहे.

१८ मार्चला आम्ही याच कामासाठी क्षयरोग विभागाकडे अर्ज दिला. दोनच दिवसांपूर्वी लोकसभेची आचारसंहिता लागली होती. आमच्याकडे १३ मे रोजी मतदान झाले आणि त्यानंतरही निकाल लागेपर्यंत अर्ज पुढे सरकला नाही. उत्तर मिळाले ते २४ जूनला. एप्रिलमध्ये मी चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परतले. त्याच काळात देशभर क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा होता आणि आमच्या मुलाला महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळत होत्या. म्हणजे खाडे वाढले होते. त्या दिवसांत गटातले काही जण गळाले, त्यांना मी दोष देत नाही. अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायला विसरू नका. जूनमध्ये आमचा कागद सापडला तो त्या क्रमांकामुळेच.

हे तीन महिने पैशाची व्यवस्था ठरवण्यात गेले. एकाच्या खात्यावर सगळ्यांनी पैसे पाठवायचे, ही पहिली सूचना आम्ही त्याच बैठकीत बाजूला ठेवली, कारण हिशेबावरून मने बिघडली की काम थांबते. आमच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांची जुनी पतसंस्था आहे आणि तिचे हप्ते पगारातून परस्पर कापले जातात. संचालक मंडळाने ठराव करून वेगळे खाते उघडले आणि ज्या एकसष्ट जणांनी संमतिपत्र दिले त्यांच्या पगारातून दरमहा तीनशे रुपये सहा महिन्यांसाठी तिथे जमा होऊ लागले. महिन्याला १८,३०० रुपये.

३ जुलैला आम्ही निक्षय मित्र म्हणून नोंदणी केली. ही योजना सप्टेंबर २०२२ पासून सुरू आहे. तिच्यात व्यक्ती, कंपनी, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणीही रुग्णांना किमान सहा महिने पोषण आहार देऊ शकते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक, संस्थेचा प्रकार, जिल्हा, आरोग्य केंद्र आणि मदतीचा कालावधी भरला की मित्र क्रमांक मिळतो. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम आहे. आम्ही सहकारी संस्था हा प्रकार निवडला. या वीस मिनिटांसाठी आपण मार्चपासून थांबलो होतो याची त्या दिवशी खंत वाटली. नोंदणी आधी करून अर्जावर मित्र क्रमांक घातला असता, तर पत्र कोणत्या विभागाचे यावर गेलेला वेळ तरी वाचला असता.

१९ जुलैला वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी आम्हाला बसवून दोन तास माहिती दिली. आमच्या केंद्राच्या हद्दीत त्या वेळी एकतीस रुग्ण उपचारावर होते. मदत घेण्याची संमती ज्यांनी दिली आहे त्यांचीच नावे मित्राला कळतात, आणि तसेच असले पाहिजे. चौघांनी नकार दिला, तिघे गाव सोडून गेले होते. उरले चोवीस. नकार देणाऱ्यांत एक नवविवाहित मुलगी होती, जिच्या सासरी आजाराची कल्पना नव्हती. आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आशा सेविका, तिच्या गोळ्या स्वतःच्या घरी ठेवत आणि ती पाणी भरायला म्हणून येऊन घेऊन जाई.

आहाराच्या पिशवीत काय असावे हे योजनेत सांगितलेले आहे. प्रौढ रुग्णासाठी महिन्याला तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि दूध, दूध पावडर किंवा एक किलो शेंगदाणे. आम्ही धान्यात ज्वारी दिली, कारण वस्तीतल्या घरांत भाकरीच होते. तूरडाळ, शेंगदाणे आणि ज्यांना चालतात त्यांना तीस अंडी. एका पिशवीचा खर्च साधारण ७४० रुपये येत असे. या खर्चाने काय साधते, असा प्रश्न आमच्याच गटात विचारला गेला होता. पर्यवेक्षकांनी तेव्हा झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची माहिती दिली. रुग्णाच्या घरातल्यांनाही पोषण आहार दिला तेव्हा त्या घरांत नवे क्षयरुग्ण होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. त्या दिवसापासून आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक आकडा लिहिलेला असे : आजचे वजन आणि त्यात पाच टक्के मिळवून येणारे वजन.

४ ऑगस्टला, रविवारी, पहिल्या पिशव्या दिल्या. त्याआधी एका गोष्टीवरून वाद झाला होता. पिशवीवर कारखान्याचे नाव छापावे आणि वाटपाचे फोटो काढावेत, असा आग्रह होता. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, कौतुक व्हावे एवढाच होता. पण नाव छापलेली पिशवी घेऊन बाई गल्लीतून निघाली की तिच्या घरात क्षय आहे हे सगळ्या गल्लीला कळते, मग तिच्या मुलांना कोणी खेळायला घेत नाही आणि घरमालक खोली सोडा म्हणतो. आम्ही नाव छापले नाही आणि एकही फोटो काढला नाही. पिशव्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात भरून ठेवल्या जात आणि रुग्ण किंवा घरातले कोणी नेहमीच्या किराण्यासारख्या त्या घेऊन जात. दुकानदारांना फक्त क्रमांक माहीत असत. माझी कळकळीची विनंती आहे की असे काम करणाऱ्यांनी या एका बाबतीत कोणाचीही भीड धरू नये.

पहिल्याच आठवड्यात एक मावशी गोळ्या बंद करून बसल्या. घरी बसून बिंदी-बांगड्यांची पाकिटे भरण्याचे काम त्या करत, वजन ३६.४ किलो. त्यांच्या खोलीत मी गेले तेव्हा त्यांनी दार लोटून घेतले, गोळ्यांचे पान उशीखालून काढून माझ्या हातात ठेवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लघवीतून रक्त जातंय, मला मारणार ही औषधं." ते रक्त नव्हते. रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो आणि तो धोक्याचा नसतो. ही गोष्ट त्यांना केंद्रात सांगितली गेली असेलही, पण गर्दीत ती त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. मी आशाताईंना फोन लावून दिला, दोघी बोलल्या आणि त्यांनी माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. त्यानंतर नव्या रुग्णाला भेटताना आमचे पहिले वाक्य लघवीच्या रंगाबद्दलचे असे. आमची भूमिकाही तिथे स्पष्ट झाली : औषधाबद्दल आम्ही काही सांगायचे नाही, ज्यांनी सांगायचे त्यांच्यापर्यंत माणसाला लगेच पोचवायचे.

वेळेचा मूळ प्रश्न तसाच होता. आमच्या गटातल्या प्रत्येकाला तिन्ही पाळ्यांच्या वेळा पाठ असल्याने आम्ही केंद्राला एक साधा तक्ता करून दिला, ज्यात आजूबाजूच्या कारखान्यांच्या पाळ्या कधी सुटतात आणि वस्तीतली माणसे घरी कधी असतात हे लिहिले होते. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कर्मचारी थांबवण्याचे मान्य केले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, पहिली बुधवारची संध्याकाळ झाली. पाच ते आठ या वेळेत एकोणीस जण आले, त्यांतल्या बाराजणांनी पूर्वी कधीच त्या केंद्राची पायरी चढलेली नव्हती. रक्तदाब आणि साखरही तिथेच तपासली जाई, कारण मधुमेह असलेल्याला क्षयाचा धोका जास्त असतो. दुसऱ्या बुधवारी मात्र बायका आल्याच नाहीत, आणि कारण संध्याकाळी कळले : त्या दिवशी नळाला पाणी आले होते. आठवडाभराने येणारे पाणी सोडून कोण येईल? त्यानंतर पाण्याचा दिवस आणि बुधवार एकत्र आले की संध्याकाळ गुरुवारी ठेवली जाऊ लागली.

आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने थुंकीचे नमुने आपण आपल्या गाडीवरून पोचवू असे सुचवले होते. ते आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्पष्टपणे नाकारले आणि ते योग्यच होते. नमुना हाताळण्याची पद्धत ठरलेली असते, त्यात आपण पडू नये. सकाळचा नमुना आशाताई घरी येऊन नेऊ लागल्या आणि एक चकर वाचली.

या सगळ्यात सर्वांत जास्त चपला झिजल्या त्या बँकेच्या कामात. निक्षय पोषण योजनेत प्रत्येक रुग्णाला उपचार संपेपर्यंत दरमहा पाचशे रुपये थेट खात्यात मिळत आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम एक हजार झाली. आमच्या चोवीसपैकी नऊ जणांना एक रुपयाही मिळाला नव्हता. कोणाचे जनधन खाते वापर नसल्याने बंद पडले होते, कोणाच्या आधारवर माहेरचे नाव होते, एकाने दिलेल्या खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता. लेखा विभागातल्या आमच्या सहकारी बाईंनी हे काम अंगावर घेतले. व्यवस्थापनाने दिलेले चार तास त्यांनी जवळजवळ पूर्ण बँकेतच घालवले आणि नऊपैकी सात जणांचे पैसे मागील बाकीसह जमा झाले. अशा कामात वैद्यकीय ज्ञान असलेला माणूस लागतो असे वाटते, पण फॉर्म भरता येणारा, रांगेत न चिडणारा माणूस त्याहून जास्त लागतो.

ऑक्टोबर कठीण गेला. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि धान्याच्या पिशव्या वाटणे संशयास्पद दिसू शकते असे दुकानदारांनी सांगितले, म्हणून केंद्राचे पत्र घेऊन त्याची प्रत दुकानात ठेवली. आरोग्य कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेल्याने महिन्याची वजने राहून गेली. त्याच महिन्यात आमच्या यादीतले बासष्ट वर्षांचे एक बाबा वारले. ते उशिरा आले होते, दारूची सवय होती आणि यकृत आधीच खराब झाले होते. त्यांची पिशवी दुकानात तशीच होती. पत्नीने ती घ्यावी की नाही असे विचारले, तेव्हा स्टोअरमधल्या काकांनी पुढचे तीन महिनेही पिशवी चालू राहील असे सांगितले आणि गटात कोणी त्यावर चर्चा केली नाही.

दिवाळीनंतर तीन कुटुंबे ऊसतोडीला गेली. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती, त्यामुळे थांबा म्हणण्यात अर्थ नव्हता. रुग्णाचा निक्षय क्रमांक देशभर एकच असतो आणि उपचार दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतात, हे आम्हाला जुलैमध्येच कळले होते, तरी कोण कधी निघणार हे दसऱ्यालाच विचारून ठेवायला हवे होते. निघायच्या आदल्या रात्री धावपळ करून तिघांना महिन्याच्या गोळ्या, क्रमांक लिहिलेला कागद आणि दोन महिन्यांचे शेंगदाणे-डाळ दिली. सांगली आणि कोल्हापूरकडे गेलेल्या दोघांचे उपचार तिथल्या केंद्रात पूर्ण झाले. कर्नाटकात गेलेल्याचा फोन डिसेंबरपासून लागत नाही. त्याच्या मुकादमाच्या गावी निरोप ठेवला आहे.

जानेवारीत शेवटच्या पिशव्या गेल्या. चोवीसपैकी वीस जणांचे उपचार पूर्ण झाले, दोघांना औषधांना दाद न देणारा क्षय असल्याने त्यांचे उपचार पुढे चालू आहेत. पाकिटे भरणाऱ्या मावशींचे वजन दोन महिन्यांनी ३८.६ आणि शेवटी ४१ किलो झाले. पॅकिंगमधला मुलगा बरा होऊन कामावर आला, आणि त्याच्या बहिणीला क्षय नसल्याचे तपासून प्रतिबंधक औषध दिले गेले. जमा १,०९,८०० रुपये, खर्च रिक्षाभाड्यासह १,०४,८७० रुपये, शिल्लक ४,९३० रुपये. हा हिशेब पावत्यांसह पतसंस्थेच्या फलकावर लावला आहे.

फेब्रुवारीत दुसऱ्या फेरीसाठी सतरा जणांची यादी मिळाली. या वेळी संमतिपत्राच्या जोडीला आम्ही तीन प्रश्नांचा एक कागद केला आहे : घरी पाणी कोणत्या दिवशी येते, पाळी कधी सुटते आणि दसऱ्यानंतर गावात असणार का. बुधवारची संध्याकाळ चालू आहे. ती पुढेही राहावी म्हणून आम्ही लेखी विनंती केली आहे आणि तिचा आवक क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.